पिवळा बैल

सावळाराम कंपाउंडरला जंतांचा भारी अभिमान. मुरबाडच्या बाजारपेठेत एका शेठजींनी वडिलांच्या नावाने धर्मादाय दवाखाना काढला होता, तिथे तो कामाला होता. तिथल्या फळीवर त्याने काचेच्या बरणीत स्पिरिट घालून जंत ठेवले होते. वीतभर लांब, पांढुरके, गांडुळासारखे. पोटदुखीचं पोर घेऊन कुणी आलं की तो आधी बरणी खाली काढायचा, उजेडात धरायचा आणि म्हणायचा, “बघा, तुमच्या पोराच्या ताटातला भात कोण खातंय ते.” बाया तोंडाला पदर लावायच्या, बापे दोन पावलं मागे सरायचे. मग तो पुडी बांधायला घ्यायचा.

पुडी सँटोनीनची. हे औषध किरमाणी ओव्यापासून काढतात आणि तो ओवा पार रशियाकडच्या माळावर उगवतो, एवढं त्याला डॉक्टरांकडून कळलं होतं, आणि ते तो आलेल्या-गेलेल्याला ऐकवायचा. पूड पांढरी शुभ्र, पण उजेड लागला की पिवळी पडायची, म्हणून तपकिरी बाटलीत, वरून काळा कागद गुंडाळून. सांजवेळी हलक्या पोटी गुळाच्या खड्यातून पुडी द्यायची आणि सकाळी एरंडेल पाजायचं, की जंत बाहेर. त्याआधी या भागात जंतांवर वावडिंगाचा काढा नाहीतर पळसाच्या बिया उगाळून द्यायची रीत होती. कधी जंत पडत, कधी नुसतंच पोर ओकून ओकून अर्धं होई. सावळाराम त्या पळसपापडीची यथेच्छ टिंगल करी. तीन गावांत एक सातवी पास माणूस असण्याच्या त्या दिवसांत टिंगल करायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

डॉक्टर कल्याणहून सोमवारी आणि शुक्रवारी सर्व्हिस मोटारीने येत, सांजेच्या मोटारीने परत जात. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे सावळारामच. डॉक्टरांनी सँटोनीनची बाटली पहिल्यांदा त्याच्या हाती दिली तेव्हाच बजावलं होतं, “हे घेतल्यावर एखाद्याला दिवसभर सगळं पिवळं दिसतं. लघवी केशरासारखी होते. दुसऱ्या दिवशी आपोआप जातं, भ्यायचं कारण नाही. पण पुडी देताना प्रत्येकाला सांगायचं. प्रत्येकाला, काय?”

सावळाराम हे विसरला नाही. विसरला असता तर एक वेळ बरं होतं, विसरण्याला माफी असते.

पहिला महिनाभर त्याने इमानाने सांगितलं. मग एक दिवस डोंगराकडची धोंडीबाई नातीला घेऊन आली. पुडी कनवटीला लावून उठणार, तेवढ्यात सावळाराम म्हणाला, “आणि म्हातारे, उद्या पोरीला सगळं पिवळं दिसलं तर घाबरू नको.”

म्हातारी खाली बसली. तिने पुडी सोडली आणि बाकावर ठेवली.

“मी जंताचा औषध मागाया आले. तू मना कावीळ बांधून देतोस?”

“कावीळ नव्हे गं. औषधाचा गुण आहे तो. काविळीत माणूस पिवळा होतो, त्याला जग पिवळं दिसत नाही. डॉक्टरच सांगतात.”

“तुला झालेली का कवा कावीळ?”

“नाही.”

“मंग गप ऱ्हा,” असं म्हणून म्हातारी नातीला ओढत निघून गेली.

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यापुढे कल्याणच्या डॉक्टरची काय मातब्बरी! त्या आठवड्यात पाच पुड्या बाकावर राहिल्या. बाजाराच्या दिवशी लोक दवाखान्याकडे बोट दाखवून बोलू लागले. सावळाराम चिडला. पोरांच्या पोटात किडे वळवळतायत, हातात औषध आहे, आणि हे अडाणी लोक एका दिवसाच्या पिवळ्या रंगाला भिऊन उठून जातात! त्याने मनाशी ठरवलं की यापुढे सांगायचं नाही.

आणि गंमत अशी की ते साधलं. पोरं पुडी घेऊन निजत, सकाळी एरंडेलाने बेजार होत, पिवळं-हिरवं बघायला कुणाला सवड नव्हती. कुणाला दिसलंच तर सांजेपर्यंत जाई. वर्षभरात कितीतरी पोरं बरी झाली, ओट्यांवर खेळू लागली. लोक म्हणू लागले, सावळारामच्या हाताला गुण आहे. आपण न सांगून लोकांचं भलं केलं हे त्याच्या मनात इतकं घट्ट बसलं की ते आपण ठरवलं होतं हेसुद्धा तो विसरून गेला.

एकोणचाळीसच्या पौषात, म्हसा गावच्या जत्रेला तीन दिवस राहिले असताना, त्याची धाकटी बहीण देवकी लेकीला घेऊन आली. आई गेली तेव्हा देवकी चार वर्षांची होती, सावळाराम चौदाचा. त्यानेच तिला भरवलं, न्हाऊ घातलं, म्हशाच्या अलीकडच्या एका वाडीत राघोला दिली. तिची गोदू आता सात वर्षांची झाली होती. हातपाय काड्या, पोट माठासारखं, झोपेत दात खायची, सारवलेल्या भिंतीची माती चाटायची.

“आली का माझी माती खाणारी!” सावळारामने तिला उचलून बाकावर बसवलं आणि बरणी दाखवली. गोदूने डोळे मिटले नाहीत. उलट बोट लावून विचारलं, “मामा, ह्ये मेले का निजले?”

पुडी बांधताना देवकीने विचारलं, “दादा, पथ्य काय?”

“आज तेलकट देऊ नको. सांजच्याला गुळातून पुडी, उद्या सकाळी एरंडेल. बस.”

“दुसरा काय व्हनार नाय ना रे पोरीला?”

“काय व्हायचंय? जंत पडतील, दुसरं काय!”

परक्यांना न सांगायला त्याच्याजवळ निदान कारण होतं. पाठच्या बहिणीला न सांगायला काहीच कारण नव्हतं. तिने त्याच्या शब्दावर विहिरीतसुद्धा उडी टाकली असती. त्याला नुसती न सांगायची सवय लागली होती.

जत्रेच्या दिवशी दवाखाना बंद होता. सावळाराम घोंगडी घ्यायला म्हशाला गेला. बैलांच्या रांगेत त्याला राघो भेटला, देवकीचा नवरा, आपल्या पांढऱ्या बैलाचा कासरा धरून उभा. राघो एकदम खुशीत होता.

“पाव्हणं, तुमची पुडी लय झाक. अकरा पडले! देवकीनं काडीनं मोजले.”

“मग! सांगत होतो ना,” सावळाराम म्हणाला.

“पन मदीच येगळाच खेळ झाला. पोरीला कावीळ धरलेली. बरा झाला, वेळेवर कळला.”

सावळारामच्या हातातली घोंगडी खाली सरकली.

“परवा सकाळी मी ह्या बैलाला धुवत होतो,” राघो सांगू लागला. “गोदू पडवीत आली आन म्हनते, बाबा, बैलाला हळद कुनी लावली? आमी हसलो. म्हटलं, लगीन हाय त्याचा. मंग भाताला पिवळा म्हनाया लागली, आयच्या पांढऱ्या लुगड्याला पिवळा म्हनाया लागली. मुताया बसली तर केशर! देवकीच्या तोंडचा पानीच पळाला. वाडीतल्या धर्माबाबाला बोलावला, त्यानं लगेच पोटावर डाग दिले, तीन. आन काय सांगू तुमाला, दुसऱ्या दिशी उठली तर बैल पांढरा! देव मानूस तो. नारळसुद्दा घेतला नाय.”

धर्माबाबा खरंच देवमाणूस होता, हे सांगायला हवं. काविळीच्या डागाचं तो कुणाकडून काही घेत नसे, घेतलं तर हाताचा गुण जातो म्हणायचा. त्याने गोदूचे डोळे उघडून पाहिले होते. डोळे पांढरे होते. “आजून डोळ्यात यायची हाय,” तो म्हणाला होता, “आताच अडवू.” लबाडी त्याच्या मनातसुद्धा नव्हती. या सगळ्या प्रकरणात लबाडी एकाच माणसाने केली होती, आणि तो त्या वेळी म्हशाच्या बाजारात घोंगडी झटकत उभा होता.

सावळाराम तिथून तडक दोन कोस चालत वाडीवर गेला. गोदू पडवीत चटईवर पडली होती. बेंबीच्या वर ओळीने तीन डाग, विळ्याचं टोक तापवून दिलेले, प्रत्येक बोराएवढा. वर गोवरीची राख थापलेली. त्याने पाणी उकळायला लावलं, राख धुऊन काढली, पिशवीत नेहमी असायची ती बोरिक पावडर भुरभुरली.

“मामा, मी लय वरडले,” गोदू म्हणाली. “पन आयनं धरलेला.”

“मीच धरली तिला,” देवकी म्हणाली. ती चुलीपाशी बसून बोलत होती, आणि तिच्या बोलण्यात एक प्रकारचा अभिमान होता. “बापाला धीर झाला नाय, तो मागच्या परसात जाऊन बसला. मी मांडीत घेतली, पाय दाबून ठेवले. जीव तुटत होता रे दादा, पन म्हटलं, आता सोडली तर पोर हातची जाईल.”

सावळारामच्या ओठांवर सगळं आलं होतं. ते पिवळं माझ्या पुडीचं होतं. तुझी पोर धडधाकट होती. तू तिचे पाय उगीच धरलेस. पण बहिणीच्या तोंडाकडे पाहून त्याने ते गिळलं. आता सांगून हिला कशाला जाळायचं, असं त्याला वाटलं. वाटलं ते खोटं नव्हतं. पण त्याच वेळी त्याला हेही आठवलं की डॉक्टरांना कळलं तर नोकरी जाईल. या दोन्हीपैकी आधी काय आठवलं, हे त्याने पुढे कधी स्वतःलाही विचारलं नाही.

डाग दिल्यापासून आठव्या दिवशी देवकी गोदूला पेज भरवायला बसली तर पोरीचे दात उघडेनात. “आ कर, बाय, आ कर,” देवकी म्हणत राहिली. गोदूला तोंड उघडायचं होतं, पण जबडा हलत नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं. मान मागे ओढली जात होती.

राघोने बैल जुंपले, तोच पांढरा आणि त्याचा जोडीदार. शुक्रवार होता, डॉक्टर दवाखान्यात होते. त्यांनी गाडीतच पोरीला पाहिलं, पोटावरचे डाग पाहिले आणि सावळारामला बाजूला नेलं.

“धनुर्वात. डागातून शिरलाय. कल्याणला न्या, लस मिळाली तर बघू.” मग त्यांनी आवाज उतरवून विचारलं, “डाग कशाला दिला? पिवळं दिसलं म्हणून?”

“होय.”

“तू सांगितलं होतंस ना?”

“होय साहेब,” सावळाराम म्हणाला. “सांगितलं होतं.”

“सांगूनसुद्धा! काय म्हणायचं या लोकांना!” डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सावळारामने मान डोलावली. स्वतःच्या बहिणीच्या अडाणीपणाला मान डोलावली, गाडीत बसलेल्या बहिणीपासून पाच हातांवर उभं राहून.

मुरबाड सुटून तासभरही झाला नव्हता, तेव्हा गोदू गेली. राघोने वाटेतच बैल वळवले.

तेराव्याला सावळाराम वाडीवर गेला तेव्हा देवकी त्याला म्हणाली, “दादा, चूक आमचीच रे. बैल पिवळा दिसतो म्हनाली तवाच उठायला पायजे होता. आमी हसत बसलो. धर्माबाबाला बोलवाया दुपार केली. तवर कावीळ आत उतरली. वरची गेली, आतली ऱ्हायली.”

“असं नको म्हणूस,” एवढंच तो बोलला.

“कसा नको म्हनू? सकाळीच डाग दिला असता तर आज पोर अंगनात असती.”

तिने आपल्या दुःखाला एक कारण शोधून काढलं होतं आणि त्याला धरून ती उभी होती. ते कारण काढून घेतलं तर ती कोसळेल, असं सावळारामला वाटलं. तो जेवला आणि परत आला.

त्यानंतर मात्र तो प्रत्येकाला सांगू लागला. पिवळं दिसेल, कावीळ नव्हे, डाग देऊ नका, देवाशपथ डाग देऊ नका. तो इतका कळवळून सांगे की लोकांना जास्तच भीती वाटे. पुड्या बाकावर राहू लागल्या. त्याने बरणी फळीवरून काढून कपाटामागे ठेवली. काही महिन्यांत लढाई सुरू झाली, मग रशियाकडचा मालच येईना, आणि बाटली रिकामी झाली ती झालीच. लोकांनी पुन्हा पळस गाठला.

त्रेचाळीसच्या माघात देवकीचा निरोप आला. गोदूनंतर वर्षभरात तिला मुलगा झाला होता, वाल्मिक. तो आता तीन वर्षांचा होता. त्याचंही पोट माठासारखं झालं होतं, तोही झोपेत दात खात होता. पळसपापडीने तो नुसता ओकला होता. “दादाला सांग, तीच पुडी पायजे,” असा निरोप.

तीच पुडी! सावळाराम दोन दिवस जेवला नाही. मग शहापूरला गेला. तिथे त्याच्या ओळखीच्या एका कंपाउंडरने लढाईआधीची थोडी पूड जपून ठेवली होती. त्याच्यापुढे हात जोडून त्याने एका पोरापुरती पुडी मागून आणली, काळ्या कागदात गुंडाळून, छातीशी धरून. येताना वाटेत त्याने ठरवलं की या वेळी देवकीला आधी सगळं सांगायचं. पिवळं दिसेल हे सांगायचं. गोदूचं सांगायचं की नाही, ते वेळेवर बघू.

देवकी गुरुवारी आली. डॉक्टरांचा दिवस नव्हता, दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. वाल्मिक तिच्या कडेवर होता, गुटगुटीत गालांचा, हसरा. देवकी चार वर्षांत पहिल्यांदा भावाकडे बघून हसली.

“मिळाली?”

“मिळाली. पण देवके, आधी बस. तुला एक सांगायचंय. ही पुडी घेतली की पोराला...”

“पिवळा दिसंल. मना ठाव हाय, बाजारात समदी बोलतात.” तिने पोराला बाकावर उभं केलं. “तुझी पुडी जंत पाडते पन कावीळ उठवते. गोदूच्या टायमाला आमाला कळला नाय. आता भिऊ नको दादा, मी ह्या खेपेला उशीर नाय केला.”

आणि तिने वाल्मिकचं अंगडं वर केलं.

बेंबीच्या वर ओळीने तीन डाग. राख थापलेली.

“परवाच देऊन आनले. पुडीच्या आधीच. कावीळ आता शिरायचीच नाय. मीच धरला ह्याला बी. बापाला कुठला धीर!”

ही बाई शहाणी होती. जेवढं तिला ठाऊक होतं, तेवढ्यावर जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं. आणि जे तिला ठाऊक नव्हतं, ते चार वर्षं सावळारामच्या पोटात होतं.

“देवके,” तो म्हणाला, “ती कावीळ नव्हती.”

ती अजून हसतच होती. “कंची?”

“गोदूची. पुडीनं पिवळं दिसतं. सगळ्यांनाच दिसतं. एका दिवसात आपलं आपण जातं. डाग दिला नसता तरी दुसऱ्या दिवशी बैल पांढराच दिसला असता. गोदू धनुर्वातानं गेली. धनुर्वात डागातून शिरतो.”

देवकीचं हसू गेलं नाही, ते तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

“तुला कवा कळला?”

“आधीपासून ठाऊक होतं. पुडी दिली तेव्हाही.”

“मी इचारलेला तुला. दुसरा काय व्हनार नाय ना, म्हनून इचारलेला.”

“होय.”

बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. देवकीने हळूच विचारलं, “म्हंजे मी पाय धरलेले, तवा माझी पोर बरी होती?”

सावळारामने मान डोलावली.

त्याला वाटलं, ती आता ओरडेल, आपल्याला मारील, फळीवरच्या बाटल्या फोडील. त्याची त्यासाठी तयारी होती, किंबहुना त्याला ते हवं होतं. पण देवकीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने वाल्मिकचं अंगडं खाली केलं, परत वर केलं, डागांकडे पाहिलं. मग बोटांवर काहीतरी मोजलं, परवापासून आठ दिवस. मोजून झालं तसं तिने पोराची हनुवटी धरली.

“आ कर.”

वाल्मिकला खेळ वाटला. त्याने तोंड भलंमोठं उघडलं आणि खिदळला.

“आजून कर. मोठ्ठा.”

सावळाराम धावत आत गेला, उकळलेलं पाणी, बोरिक, कापूस घेऊन आला. “दे, डाग धुऊन देतो. उद्या डॉक्टर येतील, कल्याणहून लस मागवू, मी स्वतः आणतो...” तो बोलत होता तोवर देवकीने पोराला कडेवर घेतलं होतं. भावाच्या हातातलं पाणी तिने घेतलं नाही. शहापूरहून आणलेली पुडी बाकावर तशीच पडून होती, काळ्या कागदात, धोंडीबाईने ठेवली होती त्याच जागी.

तो दारात आला तेव्हा ती म्हशाच्या वाटेला लागली होती. कल्याणच्या नव्हे. झपझप चालत होती, आणि दर दहा पावलांवर थांबून पोराचं तोंड स्वतःकडे वळवत होती. बाजारपेठ संपेपर्यंत तिचा आवाज त्याला ऐकू येत होता.

“आ कर, बाळा. आ कर.”